निष्काळजीपणा कुणाचा? जळालेलं घर, पंचनामा आणि विमा



आपल्या वस्तीतलं घर जळालं की पहिला प्रश्न येतो, कुणी जाळलं? मराठवाड्यात हा प्रश्न कुणाला शिकवावा लागत नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि पुढच्या दिवसांत आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारलं. तेव्हा डोक्यावर गाठोडं घेऊन रात्रीतून शिवार तुडवत निघालेल्यांची नातवंडं आज हा लेख मोबाईलवर वाचत असतील. म्हणून जाळलेल्या घराची लढाई आपल्याला येते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(४) नुसार आपलं राहतं घर आगीनं नष्ट करणाऱ्याला जन्मठेप आहे, आणि जळालेल्या घराच्या जागी सरकारी खर्चानं पक्कं घर देण्याची तरतूद नियमांत आहे. आपला विशीतला कार्यकर्ताही हे तोंडपाठ सांगतो.

पण घर कुणीच जाळलं नसेल तर?

वायर तापून पेटली, सिलिंडरची नळी सुटली, चुलीतला निखारा उडाला, मेणबत्ती कलंडली. अशा वेळी आपण गप्प बसतो. मोर्चा काढायचा कुणावर? गाव हळहळतं आणि हळहळतानाच म्हणतं, जरा बघायला पाहिजे होतं बाबा. आणि पंचनाम्यात एक शब्द येऊन बसतो: निष्काळजीपणा. त्या शब्दानंतर घरमालकाची मान खाली जाते, ती वर येत नाही. भरपाई मागायचीच त्याला लाज वाटू लागते. माझं आजचं म्हणणं या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द आपल्या माणसाला जितका मोठा वाटतो तितका कायद्यात नाही, आणि जिथं तो खरोखर मोठा आहे तिथं आपण तो वापरत नाही.

माझे मामा औसा तालुक्यातल्या एका गावात राहतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका शाळेत शिपाई म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. २०२२ साली बँकेचं कर्ज काढून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं स्लॅबचं घर बांधलं. त्याआधी त्याच जागेवर माळवदाचं घर होतं, आजोबांच्या हातचं. २०२४ च्या वैशाख पौर्णिमेला संध्याकाळी घरातले सगळे विहारात वंदनेला आणि खीरदानाला गेले. जाताना मामींनी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं मेणबत्ती लावली. मे महिन्यातलं वारं कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. खिडकी उघडी होती. पडदा पेटला, पडद्यावरून पलंग, पलंगावरून कपाट. लोक धावले तोवर समोरची खोली आतून काळी झाली होती, स्लॅबचं प्लास्टर गळून लोखंड उघडं पडलं होतं. जीव कुणाचा गेला नाही. पण मामांच्या भिंतीला टेकून शेजारच्या आजींची खोली होती. कुडाच्या भिंती आणि वर पत्रे. ती अर्ध्या तासात राहिली नाही.

मी औशाहून पोचलो तेव्हा पंचनामा होऊन गेला होता. त्यात लिहिलं होतं की मेणबत्ती निष्काळजीपणे पेटती ठेवल्यामुळे आग लागली. मामांची सही होती. मी विचारलं, मामा, हे वाचलं का? ते म्हणाले, "काय वाचू? खरंच हाय ना ते. मेणबत्ती मपल्याच घरात लावली, दुसऱ्याच्या न्हाई."

घराचा विमा आहे हे मामांना माहीतच नव्हतं. कर्जखात्याचा उतारा काढला तेव्हा पहिल्याच महिन्यात विम्याच्या हप्त्याची एक रक्कम कापलेली दिसली. पॉलिसीचा कागद कधी हातात पडला नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी घरासाठी कर्ज काढलंय त्यांनी आज संध्याकाळी एवढं एक काम करा. खात्याचा उतारा काढा, विम्याच्या नावानं काही कापलंय का बघा, आणि बँकेकडून पॉलिसीची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. बँक हा विमा स्वतःच्या कर्जाच्या सुरक्षेसाठी काढून घेते. पण हप्ता तुमच्या खिशातून गेलेला असतो आणि घर तुमचं असतं.

प्रत मिळाली, दावा दाखल केला, सर्व्हेअर आले. सभ्य माणूस होता, चहा घेतला, फोटो काढले. विचारलं, मेणबत्ती कुणी लावली? घरात कुणी नव्हतं का? मामींनी जसं झालं तसं सांगितलं. काही आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. विमाधारकानं मालमत्तेची वाजवी काळजी घेतली नाही, पंचनाम्यातही निष्काळजीपणाची नोंद आहे, सबब दावा नाकारण्यात येत आहे. मामा म्हणाले, जाऊ दे. मामी तर आठ दिवस जेवल्या नाहीत नीट. आपल्या हातानं लावलेल्या मेणबत्तीनं घर गेलं हे एक दुःख, आणि त्यावर कंपनीचा शिक्का हे दुसरं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १ एप्रिल २०२१ पासून घराच्या आगविम्यासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या मजकुराची पॉलिसी विमा नियामकानं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे सगळे धोके तिच्यात येतात. कमी रकमेचा विमा काढला म्हणून भरपाईही त्या प्रमाणात कापायची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही. आणि वगळलंय काय? विमाधारकानं जाणूनबुजून, हेतुपुरस्सर केलेलं नुकसान. म्हणजे पैशासाठी स्वतःचं घर स्वतः पेटवणं. जाणूनबुजून आणि निष्काळजीपणे या दोन शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कंपनीचं पत्र हे अंतर गिळून टाकतं आणि आपला माणूस मान डोलावतो.

जरा विचार करा. घरात लागणाऱ्या आगीमागं बहुतेक वेळा कुणाचं ना कुणाचं दुर्लक्ष असतंच. गॅस बंद करायचा राहिला, इस्त्री चालू राहिली, जुनी वायर बदलायची राहिली. माणूस चुकतो म्हणूनच तर विमा आहे. कधीच न चुकणाऱ्या माणसाला विम्याची गरज फक्त वीज पडण्यापुरती. काळजी घेण्याची अट पॉलिसीत असते, ती असावीही. घरात पेट्रोलचे ड्रम भरून ठेवले तर कंपनीनं प्रश्न विचारावा. पण सणाच्या दिवशी प्रतिमेपुढं मेणबत्ती लावणं म्हणजे घर जाळायची तयारी नव्हे.

सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलंय. न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध मुदित रोडवेज या नोव्हेंबर २०२३ च्या निकालात प्रश्न गोदामाच्या आगीचा होता. आग नेमकी शॉर्टसर्किटनं लागली की आणखी कशानं हे गौण आहे, दावा करणाऱ्यानं स्वतः ती लावलेली नसली म्हणजे झालं, असा त्या निकालाचा आशय आहे. २०२० च्या कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया या निकालात तर आपल्यासारखेच लोक होते. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या शीतगृहाला जानेवारी २०१४ मध्ये आग लागली आणि शेतकऱ्यांनी ठेवलेला माल गेला. कर्ज बँकेचं, पॉलिसी शीतगृहाच्या नावावर, माल शेतकऱ्याचा. कंपनीचा एक मुद्दा असा की शेतकऱ्याशी आमचा करारच नाही. न्यायालयानं शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आणि त्यांचा हक्क उचलून धरला. आणि सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही, हे न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ च्या निकालात आलेलंच आहे.

इथं जातीचा आणि वर्गाचा प्रश्न कसा येतो असं कुणी विचारेल. पॉलिसीवर जात लिहिलेली नसते, बरोबर. पण कारखान्याला आग लागते तेव्हा पेपरात 'दुर्घटना' येतं. दिवाळीत पणती कलंडून बंगल्याचा पडदा पेटतो तेव्हा 'अनर्थ' ओढवतो. आपल्या वस्तीत मेणबत्ती पडते तेव्हा 'निष्काळजीपणा' होतो. कारखानदाराच्या पंचनाम्याला वकील आणि सल्लागार हजर असतात आणि एकेक शब्द बघून घेतात. आपल्याकडं पंचनामा लिहिणारा एकटा, आणि सही करणारा अजून धुरानं खोकत असतो. शब्द तिथंच ठरतो. पुढची दोन वर्षं आपण त्या शब्दाशी भांडत राहतो.

म्हणून संघटनेच्या बैठकीत मी हे मांडलं आणि इथंही मांडतो. जसं पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवताना आपला एक जाणता कार्यकर्ता बसतो, तसाच आगीच्या पंचनाम्याला बसायला हवा. पंचनाम्यात काय जळालं, किती जळालं, कुठल्या बाजूनं जळालं हे यावं. कारण माहीत नसेल तर माहीत नाही असंच यावं. अंदाजानं 'शॉर्टसर्किट' लिहून मोकळं होण्याची जी सवय आहे ती दोन्हीकडून घातक आहे. कुणी खरंच पेटवलं असेल तर तो शब्द गुन्हा गाडून टाकतो आणि अॅट्रॉसिटीची वाट बंद करतो. कुणी पेटवलं नसेल तर जुन्या वायरिंगच्या नावानं पुन्हा घरमालकाच्याच माथी येतो. राख उपसायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ घ्या. विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा आणि दाव्याचा फॉर्म ३० दिवसांच्या आत द्या. एखादा कागद नाही म्हणून दावा नाकारता येणार नाही असं विमा नियामकानं जून २०२४ मध्ये सांगितलंय. हे वाक्य बऱ्याच शाखांमध्ये आपल्यालाच सांगावं लागतं.

इथवर मामांची बाजू झाली. आता आजींची.

मी वर म्हटलं की एका जागी हा शब्द खरोखर मोठा आहे. तो इथं. मामांच्या घरातल्या आगीनं आजींची खोली गेली. आपल्या कंपनीकडून भरपाई घेताना आपला निष्काळजीपणा आड येत नाही. पण आपल्या निष्काळजीपणानं शेजाऱ्याचं नुकसान झालं तर शेजारी आपल्याकडं भरपाई मागू शकतो, हा दिवाणी कायदा आहे. गावातल्या एका शहाण्यानं आजींना तेवढंच नेमकं शिकवलं. म्हणाला, त्यांच्यावर दावा टाक, त्यांना विमा हाय. घराच्या साध्या पॉलिसीतून शेजाऱ्याची भरपाई मिळत नसते हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा असेलही. दोन जयभीमवाली घरं कोर्टात उभी राहिली असती तर त्याची करमणूक झाली असती. आजी मला म्हणाल्या, "लेकरा, मी त्यायच्यावर केस करू व्हय? आगीच्या रात्री मला भाकर कुणी दिली?"

मामा-मामींबद्दल मला काय वाटतं ते बाजूला ठेवून सांगतो. आजींचा हक्क खरा होता. तो नात्यानं झाकणं मला पटलं नाही, म्हणून मी मामांसमोरच त्यांना तो सांगितला. त्यांनी तो वापरला नाही. मामांनी नंतर काय केलं ते पुढं येईल.

आजींना विमा नाही. त्यांच्यासाठी उरतं ते सरकारी अर्थसाहाय्य. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग ही आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राचे जे निकष आहेत त्यात पूर्ण नष्ट झालेलं घर, पक्कं असो की कच्चं, सपाट भागात १,२०,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५००. आणि झोपडी? ८,००० रुपये. घर आणि झोपडी यांच्यात १,१२,००० रुपयांचा फरक आहे, आणि तो ठरतो एका माणसाच्या पेनानं. निकषात झोपडीची व्याख्या कच्च्या घरापेक्षा हलकी, तात्पुरती, गवत, माती, प्लास्टिकची अशी दिली आहे. आजींची खोली तीस वर्षांची. तात्पुरती? त्यांचा संसार त्यात झाला, दोन बाळंतपणं झाली, नवऱ्याचं प्रेत तिथून उचललं. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, दाराला चौकट. कागदावर ती 'झोपडी' झाली.

शिवाय निकषात आणखी एक अट आहे की घर अधिकृत बांधकाम असावं. आता मराठवाड्यातल्या आपल्या किती वस्त्या गायरानावर आहेत ते सांगा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ ला भूमिहीनांनी जेल भरले ते याच जमिनीच्या प्रश्नावर. जागा नावावर नाही, म्हणून घर अनधिकृत, म्हणून जळालं तरी जळालं नाही.

हे मोजमाप आपल्या तालुक्याला नवं नाही. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर पूर्ण पुनर्वसन झालेल्या गावांत सरकारनं घरं बांधून दिली. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, सात हेक्टरच्या वरच्यांना ७५०. घर पडलं भूकंपानं, मिळालं सातबाऱ्यावर. घरात माणसं किती हा प्रश्न नव्हता. ज्याच्या बापजाद्यांना जमीन धरूच दिली नाही त्याचं नवं घरही त्या हिशेबानं लहान. तेव्हाही अधिकारी म्हणत असतील की निकषात जात कुठं आहे?

सिलिंडरच्या आगीचं थोडक्यात सांगतो, कारण हे फार कमी लोकांना माहीत आहे. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता नाही. नोंदलेल्या पत्त्यावर सिलिंडरमुळे अपघात झाला तर मृत्यूला माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेला २ लाखांपर्यंत. उज्ज्वलाच्या जोडणीलाही हे लागू आहे. वितरकाला लगेच लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. वीजतारेचं म्हणाल तर मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की तुटलेल्या जिवंत तारेनं माणूस गेला तर मंडळाचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसायची गरज नाही, धोक्याची वस्तू पुरवणाऱ्यावर जबाबदारी येतेच. म्हणजे बघा, मोठ्या कंपनीकडून नुकसान होतं तिथं निष्काळजीपणा शोधत बसू नका असं न्यायालय म्हणतं, आणि आपण मात्र तो आपल्याच मामीच्या मेणबत्तीत शोधत असतो.

विम्याच्या पैशानं भरून येणार नाही असंही बरंच जळतं. नोटा, रोखे, हस्तलिखितं, कागदपत्रं यांची भरपाई साध्या पॉलिसीत मिळत नाही. आजींच्या पेटीत रोजगाराचे साठवलेले पैसे होते. मामांच्या कपाटात आजोबांचा शाळेचा जुना उतारा होता. या उताऱ्याची किंमत कुठल्या सर्व्हेअरला कळेल? महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायचा, पडताळणी करायची तर १० ऑगस्ट १९५० आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. आपल्यात त्या काळात शाळेत गेलेला माणूस घराण्यात एखादाच. त्याच्या एका उताऱ्यावर तीन पिढ्यांची शिष्यवृत्ती, नोकरी, निवडणुकीची राखीव जागा उभी असते. मामांच्या नातीचं पुढच्या वर्षी पडताळणीचं काम होतं. आम्ही शाळेत गेलो, जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत आजोबांचं नाव सापडलं, नवा उतारा मिळाला. दरवेळी सापडेलच असं नाही. म्हणून प्रत्येक घरानं असे कागद स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवावेत, आणि विहारात एखाद्या रविवारी हेच काम सामूहिक करावं. जयंतीच्या डीजेला लागतो त्यापेक्षा कमी खर्च येतो. (हे वाक्य काहींना लागेल, लागू द्या.)

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये राज्यघटनेसाठी जे मांडलं त्यात विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करावा असं होतं. शेती आणि मूळ उद्योगांच्या शेजारी त्यांनी विमा ठेवला. का? ज्याच्याकडं जमीन नाही, साठवण नाही, मदतीला येईल असा पैशावाला जातभाई नाही, त्याला एक आग, एक आजार, एक मरण परत सावकाराच्या दारात नेऊन उभं करतं. हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढं १९५६ ला आयुर्विमा सरकारी झाला, १९७३ ला सर्वसाधारण विमाही. १ मे १९८८ पासून केंद्र सरकारनं ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजनाही काढली होती. आगीत झोपडी गेली तर १,००० रुपये, आतल्या सामानाला ५००, हप्ता सरकारचा. रक्कम तेव्हाही थोडी होती. पण झोपडीचाही विमा असतो एवढं तरी सरकारनं मान्य केलं होतं. आज २० रुपयांत अपघाती मृत्यूचा २ लाखांचा विमा मिळतो. माणूस मेला तर सोय आहे, त्याचं घर जळालं तर नाही.

म्हणून आपली मागणी साधी हवी. रमाई आवास आणि इतर योजनेतल्या प्रत्येक घरकुलाला बांधकामाबरोबरच भारत गृह रक्षा पॉलिसी, सामानासह, हप्ता सरकारनं भरलेला. घरकुल देऊन फोटो काढणाऱ्यांना पुढच्या दहा वर्षांचा एवढा हप्ता जड नाही. आणि गायरानावरच्या घराला आपत्तीच्या मदतीपुरती अधिकृततेची अट लावू नये. आगीला सातबारा दिसत नसतो.

मामांच्या दाव्याचं काय झालं ते सांगतो. कंपनीच्या तक्रार कक्षाकडं अर्ज केला, महिनाभर वाट बघितली, उत्तर आलं नाही. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडं तक्रार पाठवली. फी नाही, वकील लागत नाही, दावा नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत असते. अर्ज मामांच्या सहीनं मराठीत लिहिला. त्यात एकच मुद्दा ठळक ठेवला की पॉलिसीत 'हेतुपुरस्सर' वगळलंय, निष्काळजीपणा नाही, आणि आग आम्ही लावलेली नाही. ते जमलं नसतं तर लातूरचा जिल्हा ग्राहक आयोग होताच, तिथं दोन वर्षांची मुदत आहे. तारीख लागायच्या आत कंपनीनं फोन करून तडजोडीची तयारी दाखवली. बांधकामाचं नुकसान मान्य झालं. पॉलिसी बँकेनं फक्त इमारतीची काढली होती, त्यामुळं कपाट, पलंग, भांडी यांचं काही नाही. रक्कम आधी कर्जखात्यात जमा झाली, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव पहिलं. दुरुस्तीसाठी ती मोकळी करून घ्यायला आणखी दीड महिना चकरा झाल्या.

पैसे हातात आल्यावर मामांनी पहिल्यांदा आजींसाठी आठ पत्रे आणि चार लोखंडी पाईप आणले. आमच्याशी बोलले नाहीत, सरळ ट्रॅक्टर आजींच्या दारात उभा केला. भिंती मात्र अजून कुडाच्याच आहेत. मामींनी मेणबत्ती लावायची सोडली नाही. आता पितळेच्या ताटात पाणी घालून मधोमध लावतात.

आजींना झोपडीचे ८,००० मिळाले. ते घेताना आम्ही पावतीवर 'हरकत राखून' असं लिहिलं आणि घराच्या दरानं फरक मिळावा म्हणून अपील केलं. सोबत तीस वर्षांचं वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीतला घरक्रमांक आणि जळायच्या आधीचा लग्नातला एक फोटो जोडला. फोटोत मागं दाराची चौकट स्पष्ट दिसते. पुढची तारीख महिनाअखेरीची आहे. औशातल्या ज्या पोरांना अपील कसं चालतं ते बघायचंय त्यांनी मला कळवावं, गाडीत दोन जागा आहेत.